ओव्हनची बटणं मेली, रात्री आपोआप बीप वाजतो : बोर्ड गेलाय का?

जुळे सोलापुरातल्या एका ताईंनी विचारलंय. थोडक्यात असं : पाच वर्षांचा कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह आहे. महिन्याभरापासून ३, ६ आणि ९ ही बटणं अजिबात चालत नाहीत. स्टार्ट जोरात दाबलं तर कधी लागतं, कधी नाही. बाकीची बटणं ठीक, घड्याळ दिसतं, आतला दिवा लागतो. आठवड्याभरातून एखाद्या रात्री कुणी हात न लावता ओव्हन बीप-बीप करायला लागतो, मग उठून भिंतीवरचं बटण बंद करावं लागतं. मेकॅनिक येऊन गेला, झाकण काढून मीटर लावला आणि म्हणाला, "बोर्ड गेलाय, ४८०० होतील." (बोर्ड म्हणजे ओव्हन चालवणारं आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट.) त्यांचा प्रश्न : "बोर्ड बदलू, की नवीनच घेऊ? काय करू सांगा की ओ."

ताई, आधी एक काम करा, उत्तर नंतर वाचा. वापर नसेल तेव्हा ओव्हन भिंतीवरच्या बटणानं बंदच ठेवा. स्टँडबायवर ठेवू नका. जे यंत्र स्वतःहून "बटण दाबलं" असं समजतं, ते एखाद्या रात्री स्टार्टही दाबलं असं समजू शकतं. आत काही नसताना मायक्रोवेव्ह चालला तर ती शक्ती शोषायला पदार्थ नसतो, ती उलटी मॅग्नेट्रॉनवर, म्हणजे ती तयार करणाऱ्या भागावरच, येते. म्हणजे पाचशे-सातशेचं दुखणं तुमच्या ओव्हनच्या सगळ्यात महागड्या भागांपैकी एकावर जायचं.

आता मुद्दा. "बोर्ड की नवीन ओव्हन" हा प्रश्न पुढचा झाला. त्याच्या आधीचा प्रश्न असा, की बोर्डच गेलाय हे कशावरून? तुम्ही जी लक्षणं लिहिलीत, त्यात मला बोर्डाकडे बोट दाखवणारं एकही सापडत नाही. सगळी कीपॅडकडे, म्हणजे बटणांच्या पॅनेलकडे, बोट दाखवतात. मी ओव्हन समोर पाहिलेला नाही, तेव्हा शंभर टक्के कुणी सांगू नये. पण मी का असं म्हणतोय ते सांगतो, म्हणजे पुढच्या मेकॅनिकशी तुम्हाला बोलता येईल.

मी बावीस वर्षं सोलापुरात घरगुती उपकरणांची दुरुस्ती करतो. सुरुवात टीव्ही आणि रिमोटपासून झाली. (आपल्याकडे ओव्हन म्हटलं की लोकांना मायक्रोवेव्हच अभिप्रेत असतो. ओटीजीवाले, म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिलवाले, वाचत असतील तर त्यांनी पुढे वाचायची गरज नाही, बहुतेक ओटीजीला फिरवायचे नॉब असतात, त्याचं दुखणं वेगळं.)

ज्याला आपण बटणं म्हणतो ती खरी बटणं नसतातच. बाहेरून दिसतो तो छापील प्लास्टिकचा पापुद्रा. त्याच्या मागे दोन पातळ प्लास्टिक शीट, दोन्हींवर चांदीच्या शाईनं आणि काही ठिकाणी कार्बननं छापलेल्या रेघा. मध्ये एक तिसरी शीट, तिला बटणाच्या जागी भोक. तुम्ही बोट दाबता तेव्हा वरची शीट त्या भोकातून खाली वाकते आणि दोन रेघा एकमेकींना टेकतात. एवढंच. याला आम्ही मेंब्रेन म्हणतो, कुणी टचपॅड म्हणतो, दुकानात "पॅनेल स्टिकर" म्हणूनही मिळतं. सगळ्या रेघा एका चपट्या रिबनमधून निघून बोर्डाच्या सॉकेटमध्ये जातात.

प्रत्येक बटणाला स्वतंत्र वायर नसते. आडव्या ओळी आणि उभ्या ओळी असतात. समजा चार उभ्या आणि पाच आडव्या, तर नऊ रेघांत वीस बटणं होतात. बोर्डावरचा प्रोसेसर सतत तपासत असतो की कुठली उभी कुठल्या आडवीला टेकली. हे पंचवीस घरांच्या चाळीसारखं आहे. एका जिन्याचा दिवा गेला की त्या जिन्यावरच्या सगळ्या घरांपुढे अंधार, शेजारच्या जिन्यावर मात्र उजेड.

आता तुमची यादी परत बघा. ३, ६, ९, आणि त्याखाली स्टार्ट. बहुतेक पॅनेलवर हा उजवीकडचा उभा रकाना असतो. चार वेगवेगळी बटणं एकाच महिन्यात, एकाच रांगेत, स्वतंत्रपणे झिजून मरत नाहीत. त्यांची सामाईक रेघ कुठेतरी तुटलीय किंवा रिबनच्या टोकाला नीट टेकत नाही. त्यातही स्टार्ट अर्धमेलं आणि वरची तिन्ही पूर्ण मेलेली, हे मला फार बोलकं वाटतं. रिबन खालून निघत असेल तर रेघ आधी स्टार्टपाशी येते, मग ९, मग ६, मग ३. स्टार्टच्या पुढे कुठेतरी चीर पडली असेल तर वरची तिन्ही जातात आणि स्टार्ट कसंबसं तग धरतं. इथे एक "पण" आहे. पॅनेलवर जी बटणं एका रांगेत दिसतात ती आतल्या जोडणीतही एकाच रांगेत असतातच असं नाही. काही कंपन्या रेघा वेड्यावाकड्या फिरवतात. तरी चारच्या चार एका रकान्यात आली असतील तर मी योगायोग मानत नाही.

एकटं एकच बटण मेलं असतं तर मी वेगळं बोललो असतो. शेंगा चटणी करून विकणाऱ्या एका मावशी आहेत, त्यांच्या मायक्रोवेव्हचं फक्त एक बटण गेलं होतं, तीस सेकंदांचं. हाताला शेंगदाण्याचं तेल लागलेलं म्हणून त्या लाटण्याच्या टोकानं ते दाबायच्या. दिवसाला पन्नासदा. पापुद्र्याला खळगा पडून आतल्या कार्बनची पार पूड झाली होती. ते झिजलेलं बटण. तुमचं प्रकरण रेघेचं आहे.

दुसरी खूण जोराची. स्टार्ट जोरात दाबलं तर कधी लागतं, असं तुम्ही लिहिलंय. बोर्डाला तुमच्या बोटाचा जोर कळत नाही. त्याला फक्त दोन रेघा जुळल्या की नाही एवढंच कळतं. जोरानं फरक पडतो म्हणजे दुखणं जिथे जोर पोचतो तिथे आहे, म्हणजे मेंब्रेनमध्ये. याला एक अपवाद मी पाहिलाय. काही मॉडेलमध्ये बोर्ड पॅनेलच्या पाठीला घट्ट बसवलेला असतो, आणि त्यावरच्या एखाद्या सोल्डरला बारीक चीर असते. जोरात दाबलं की अख्खं पॅनेल वाकतं, बोर्डही वाकतो आणि सोल्डर क्षणभर जुळतं. ओळखायला सोपं आहे : स्टार्टच्या शेजारी, जिथे बटण नाही तिथे एका अंगठ्यानं जोरात दाबून धरा आणि दुसऱ्या बोटानं स्टार्ट हलकं दाबा. तसं केल्यावर ते दर वेळी लागायला लागलं तर बोर्डाचा किंवा सॉकेटचा संशय घ्या. नाही लागलं, फक्त थेट बटणावरच जोर लागतो, तर मेंब्रेन.

मेकॅनिकनं मीटर लावला आणि तरी बोर्ड म्हणाला, याचं काय? त्याला मी वाईट म्हणणार नाही, कारण हीच चूक मी स्वतः केलेली आहे. रिबन काढायची, मीटर बीपवर ठेवायचा, बटण दाबायचं आणि दोन पिनांमध्ये आवाज येतो का बघायचं, अशी सवय असते. वायर तपासायला हे ठीक. पण कार्बनच्या रेघेला मुळातच रेझिस्टन्स (विजेला अडथळा, तो ओहममध्ये मोजतात) असतो. चांगल्या बटणाचंही रीडिंग शंभर-दोनशे ओहम येऊ शकतं, आणि बहुतेक मीटरचा बझर त्याहून खूपच कमी ओहमला वाजतो. म्हणजे मेंब्रेन चांगली असली तरी बझर गप्प, वाईट असली तरी गप्प. मग माणूस म्हणतो की बझरवर काही कळेना, बोर्ड बदलून बघू. मी असाच एका गिऱ्हाइकाला नवीन बोर्ड लावून दिला होता. बटणं तशीच. बोर्ड परत काढून घेतला, पैसे परत दिले, आणि तेव्हापासून कीपॅड तपासताना बझरची रेंज वापरत नाही. ओहमची रेंज लावायची, आधी एखादं चालणारं बटण मोजायचं, मग तेच मेलेल्या बटणाशी ताडून बघायचं. तुमच्याच पॅनेलवरचं चालतं ५ जर दीडशे ओहम दाखवत असेल आणि ६ काही केल्या रीडिंगच देत नसेल, तर आणखी कुठला पुरावा हवा?

आता रात्रीचा बीप. माझ्या मते तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे, आणि मेकॅनिकला तुम्ही तो सांगितला की नाही मला माहीत नाही.

मी तुम्हाला एक विचारतो : बीप ज्या रात्री वाजतो, त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी घरी नळाला पाणी आलेलं असतं का? हसू नका. आपल्या गावात पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. पाणी आलं की त्या दिवशी सगळं घर धुवून काढायचं, ओटा धुवायचा, आणि ओट्यावरचा ओव्हनही ओल्या फडक्यानं पुसायचा. मी अशी दुखणी पाहिलीत, की ओव्हन नेमका पाण्याच्या दिवसानंतर वेडा होतो आणि दोन दिवसांनी शहाणा होतो. सोलापूरच्या कोरड्या हवेत तो आपोआप वाळतो. म्हणून उन्हाळ्यात तक्रार कमी आणि सप्टेंबरच्या पावसात जास्त. बोअरच्या पाण्यानं पुसत असाल तर आणखी वाईट, कारण ते वाळलं तरी क्षार मागे राहतात, आणि क्षार हवेतला ओलावा धरून ठेवतात. ओव्हन गॅसच्या शेजारी असेल आणि कुकरची वाफ रोज पॅनेलवर येत असेल तर पाण्याच्या दिवसाचीही गरज नाही.

ओलावा कडेनं मेंब्रेनच्या शीटमध्ये शिरतो. तिथे चांदीच्या रेघा एकमेकींपासून मिलिमीटर-दोन मिलिमीटरवर असतात आणि त्यांच्यात थोडंसं व्होल्टेज असतं. ओलावा आणि व्होल्टेज एकत्र आले की चांदी एका रेघेतून दुसरीकडे सरकायला लागते, झाडाच्या मुळांसारखे बारीक तंतू वाढतात. ते पलीकडच्या रेघेला टेकले की प्रोसेसरला वाटतं कुणीतरी बटण दाबून धरलंय. तो बीप करतो. आणि एक बटण दाबलेलंच आहे असं वाटत राहिल्यामुळे बाकीची बटणं दाबली तरी तो ऐकत नाही. वाळलं की तंतू सुटतात, सगळं ठीक. म्हणजे रेघ तुटणं आणि नको तिथे रेघा जुळणं, ही दोन उलटी दिसणारी दुखणी एकाच ओलाव्यातून येतात. एकाच मेंब्रेननं दोन्हींचा खुलासा होत असताना मी बोर्डाकडे कशाला जाऊ?

पुन्हा "पण" : रात्रीच्या बीपचं दुसरं कारण झुरळं. बोर्ड उबदार असतो, आत अंधार असतो, स्वयंपाकघर शेजारी. झुरळांची विष्ठा बोर्डावर साठली की तीही ओलाव्यात शॉर्ट करते. पाठीमागच्या जाळीतून टॉर्च मारून बघा. काळे ठिपके दिसले तर मेकॅनिकला आतून साफ करायला सांगा. आत झुरळांचा स्प्रे मारू नका, मी असे ओव्हन पाहिलेत ज्यांना झुरळांपेक्षा स्प्रेनंच जास्त नुकसान केलं.

तुमच्या बाबतीत लागू नाहीत पण दुसऱ्या कुणाच्या असतील अशा दोन गोष्टी पटकन सांगतो. सगळीच बटणं मेली आणि घड्याळ चालू असेल तर आधी चाइल्ड लॉक बघा. स्टॉप बटण तीन-चार सेकंद दाबून धरलं की बहुतेक मॉडेलमध्ये तो निघतो, मॅन्युअल बघा. मुलांच्या सुट्टीत याच्यासाठी मला किती फोन येतात! आणि सगळी बटणं चालतात, वेळही लागते, फक्त स्टार्ट होत नाही, असं असेल तर दाराचा स्विच बघावा लागतो. दार लावल्यावरही आतला दिवा विझत नसेल तर ओव्हनला दार उघडंच वाटतंय. कीपॅडचा यात काही दोष नसतो.

तुम्ही स्वतः किती करावं? बाहेरून जेवढं होतं तेवढं. सगळ्या बटणांची यादी कागदावर करा, चालतं, जोरानं चालतं, चालत नाही अशा खुणा करा. बीप वाजल्याच्या तारखा लिहा, शेजारी पाणी आलेला दिवस लिहा. अंगठ्याची ती चाचणी करा. झाकण मात्र उघडू नका, ही भीती घालत नाही, कारण सांगतो. बहुतेक मायक्रोवेव्हमध्ये घरातल्या २३० व्होल्टचे ट्रान्सफॉर्मर साधारण २००० व्होल्ट करतो, पुढे कपॅसिटर आणि डायोड मिळून ते ४००० च्या आसपास नेतात. प्लग काढल्यावरही त्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकतो. टीव्ही उघडणारे आम्ही लोकसुद्धा मायक्रोवेव्हला आधी डिस्चार्ज केल्याशिवाय हात लावत नाही. आणि झाकण काढलेलं असताना ओव्हन चालू करून दाखवणारा कुणी आला तर त्याला चहा पाजून घरी पाठवा.

मेकॅनिकनं काय करावं ते सांगतो. प्लग काढून, डिस्चार्ज करून, रिबन सॉकेटमधून सोडवायची. काही सॉकेटला कुलूपपट्टी असते, ती आधी वर करावी लागते, नुसती ओढली तर टोकाचा कार्बन सोलून निघतो. रिबनचं टोक भिंगातून बघायचं. हिरवट-काळपट झालं असेल, किंवा जिथे घडी आहे तिथे रेघ तडकली असेल, तर बऱ्याच वेळा चोर तिथेच सापडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या किंचित ओल्या कापसानं टोक पुसून परत बसवलं की काही ओव्हन तिथल्या तिथे बरे होतात. खोडरबरानं घासू देऊ नका. ज्या रिमोटच्या बोर्डावर तांब्याच्या पट्ट्या असतात तिथे ते चालतं. इथे छापलेली शाई असते आणि ती खोडरबरानं निघून जाते. मग ओहम मोजायचे. न दाबता कुठल्याही दोन पिनांमध्ये रीडिंग येत असेल तर शॉर्ट आहे. कोरड्या दिवशी ते दिसत नाही, तेव्हा माझी एक युक्ती आहे : मीटर लावून ठेवायचा आणि मेंब्रेनच्या कडेवर तोंडाची वाफ सोडायची, चष्मा पुसताना सोडतो तशी. रीडिंग हललं की रात्रीचा बीप दिवसा पकडला.

पुढचा खर्च. मेंब्रेन मला मॉडेलप्रमाणे साधारण ४०० ते ९०० रुपयांत पडते, वर बसवण्याची मजुरी. इथे तयार मिळाली तर ठीक, नाहीतर मागवावी लागते, आठवडा धरा. ओव्हनच्या पाठीवरच्या लेबलचा फोटो काढून पूर्ण मॉडेल नंबर द्या, शेवटच्या अक्षरासकट. दिसायला सारख्या दोन मेंब्रेनमध्ये आतल्या रेघा वेगळ्या असतात, मग ५ दाबलं की ग्रिल चालू होतं. मेंब्रेन मिळतच नसेल तर आमच्यातले काही जण पॅनेलला भोकं पाडून छोटे पुश स्विच बसवून देतात. चालतं ते. पण त्या भोकांतून वाफ थेट बोर्डावर जाते, म्हणून मी घरच्या ओव्हनला करत नाही, कुणी हट्टच धरला तर स्टार्ट आणि स्टॉपपुरतं करतो. चांदीच्या पेननं तुटलेली रेघ जोडणं मी सोडून दिलंय, सहा महिने टिकलं तर नशीब.

मेंब्रेन काढून ओहम मोजल्यावर ती चांगली निघाली, तर मात्र बोर्ड. ते होऊ शकतं. विजेच्या चढ-उतारानं प्रोसेसरची एखादी पिन गेली तर एक अख्खी रांग अशीच मरते. तेव्हा ४८०० चा हिशोब करा, पण त्याआधी ओव्हन तापवतो का ते बघा : एक पाव लिटर पाणी काचेच्या भांड्यात, पूर्ण पॉवरवर दोन मिनिटं. उकळी फुटायच्या बेतात आलं तर मॅग्नेट्रॉन ठणठणीत, बोर्डावर पैसे घालायला हरकत नाही. कोमटच राहिलं तर घालू नका. आणि नवीन बोर्ड बसवण्याआधी घरातल्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या, ओव्हनच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर विशेष करून.

थोडक्यात, मेकॅनिकला परत बोलावून एवढंच म्हणा : "रिबन काढून, बझर नाही, ओहमवर, ५ आणि ६ मोजून मला दाखवा." तो दाखवेल तर आकडे मला इथेच कळवा, पाण्याच्या दिवसांच्या तारखांसकट. तो "काय गरज आहे" म्हणाला तर दुसरा बघा. आणि नवीन मेंब्रेन बसली की ओव्हन गॅसपासून दोन हात लांब हलवा, पुसायचं फडकं पिळून घट्ट कोरडं करा, स्प्रे थेट पॅनेलवर न मारता फडक्यावर मारा.